वाफ जायच्या आत

पातेलं गरमच न्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. (मिनासने सांगितलं होतं. पण नवऱ्याचं सांगणं सांगण्यात धरत नाहीत.)

आमच्या कासोस बेटावरून समोरच्या कार्पाथोसला विमान पाच मिनिटांत जातं. पट्टा बांधून होतोय तोवर सोडायची वेळ येते. विमानात सुरू केलेली चहाडी संपवायला आमच्या बायका पलीकडे उतरल्यावर उन्हात उभ्या राहतात. मधला समुद्र वीस-पंचवीस किलोमीटर आहे असं विमानतळावरचा स्तामातिस म्हणतो. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे किलोमीटर माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. पाच मिनिटं येतात. अंडं उकडतं पण आतून घट्ट होत नाही, तेवढी पाच मिनिटं.

मिनासला ही पाच मिनिटं कधी पटली नाहीत. माझ्या नवऱ्याने जन्मभर जहाजाचं सुकाणू धरलं आणि तो अंतर सिगारेटीत मोजतो. अमुक बेट तीन सिगारेटी, तमुक बंदर अर्धं पाकीट. डॉक्टरांनी त्याच्या सिगारेटी कधीच्या बंद केल्या, पण मोजमाप तेच राहिलंय. त्याच्या हिशेबाने कार्पाथोस एक पाकीट, आणि वारा असला तर पुढचं तो बोलत नाही. तसा तो वारा नसतानाही फारसा बोलत नाही.

तर आमची रिनियो कार्पाथोसला, मेनेतेस गावात दिलेली. तिला मुलगी झाली. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायचं हा आमचा दोन्ही बेटांचा रिवाज. म्हणजे माझं नाव, सेवास्ती. माझी विहीण कालिओपी, तिला दुसऱ्या मुलीपर्यंत कळ काढायची होती. मी तिला त्यावरून एक शब्द बोलले नाही. नुसती बघून हसले, तेही दोन-तीनदाच.

बाप्तिस्मा आत चर्चमध्ये होतो. बाळाची आई आणि जिचं नाव ठेवायचं ती आजी, दोघी बाहेर पायरीवर बसून राहतात. आत पाद्री बाळाला घंगाळात तीनदा बुडवतो, दर बुडीला मोठ्याने नाव घेतो, आणि गावातली पोरं ते नाव घेऊन पळत बाहेर येतात आणि दोघींकडून खाऊ घेतात. रिनियोच्या वेळी मी माझ्या आईशेजारी अशी बसले होते. माझी आई तशी कडू तोंडाची बाई. वरचे दात पडल्यापासून ती तोंडावर रुमाल घेतल्याशिवाय हसायची नाही. पोरं "इरिनी, इरिनी" (रिनियोचं पूर्ण नाव, म्हणजे माझ्या आईचंच) ओरडत आली तेव्हा ती तोंड उघडं टाकून हसली आणि मला म्हणाली, "आता मला घाई नाही."

एवढंच म्हणाली. पण मला तेव्हापासून त्या पायरीवर बसून तेच म्हणायचं होतं. कालिओपीबाईंच्या देखत म्हणायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आता पातेल्याचं. रिनियोच्या लग्नात मी आमच्या पद्धतीच्या दोल्मादाकिया करून नेल्या होत्या. द्राक्षाच्या कोवळ्या पानात भात-खिमा भरून केलेल्या गुंडाळ्या. आमच्याकडे त्या करंगळीच्या पेरापेक्षा मोठ्या झाल्या तर त्या बाईच्या हाताला नावं ठेवतात. कार्पाथोसला त्या वांग्याएवढ्या करतात आणि वर मिरवतात. लग्नात कालिओपीबाईंनी माझी एक गुंडाळी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, आणि चार बायकांत मला विचारलं, "कासोसला पानं महाग आहेत का हो?" मग तोंडात टाकून म्हणाल्या, "गरम असती तर चव कळली असती."

बोटीने नेल्या होत्या, थंड होणारच. पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं दोन वर्षं राहिलं.

बाप्तिस्मा शनिवारचा ठरला. मिनास म्हणाला, शुक्रवारी बोट आहे, बोटीने जाऊ आणि रात्री तिथेच झोपू. मी म्हटलं, विहिणीच्या घरी झोपलं की सकाळी तिच्या हातची कॉफी पिऊन छान आहे म्हणावं लागतं. माझ्याने होणार नाही. तू बोटीने जा. मी शनिवारी पहाटे शिजवते, पातेलं चुलीवरून उचलते, विमानात बसते, पाच मिनिटांत उतरते आणि तिच्या नाकाखाली झाकण काढते. वाफ आली पाहिजे.

मिनासने समुद्राकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "पाच मिनिटं विमानाची झाली. वाऱ्याची किती, ते विचारलंस का?"

"वाऱ्याला मी आमंत्रण दिलेलं नाही."

तो उठला, कोट झटकला आणि शुक्रवारी बोटीने गेला. जाताना धक्क्यावर काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

गुंडाळ्या वळायला आळीतल्या बायका आल्या होत्या. वळल्या अशा एवढ्याएवढ्या, एकसारख्या, देखण्या, की मला त्या शिजवायला जिवावर आलं. शनिवारी सकाळी पातेलं चुलीवरून उतरवलं, मिनासच्या जहाजावरच्या जाड स्वेटरमध्ये गुंडाळलं, त्यावर घोंगडी, त्यावर माझी शाल, आणि दुपट्यात बाळ बांधतात तसं बांधून काखेत धरलं. विमानतळावर स्तामातिसने विचारलं, आजी, नातीला तिकडून इकडे आणायचं की इकडून तिकडे न्यायचं? आमच्या विमानतळावर तिकीट बघणारा, सामान चढवणारा आणि आग लागली तर विझवणारा हाच एक. पातेलं तपासावं लागेल म्हणाला. तपासून झाल्यावर चार गुंडाळ्या कमी भरल्या. त्या चार गरम खाल्ल्या गेल्या, हे मी मुद्दाम इथे सांगून ठेवते.

विमानात अथेन्सची एक नाजूक मुलगी सगळ्यांचे पट्टे बघत आली.

"आजी, बाळाला वेगळा पट्टा लागेल."

"बाळ नाही, जेवण आहे."

"मग ते सीटखाली ठेवा."

"बाळ असतं तर खाली ठेव म्हणाली असतीस?"

ती त्यावर विचार करत राहिली तोवर विमान उडालं. (लहान उड्डाणाचा हा एक फायदा. वाद पुरा व्हायला वेळच नसतो.)

वर गेलो आणि वाऱ्याने धरलं. आमचं विमान आधीच लहान. त्याला वाऱ्याने मांजर पिल्लाला मानगुटीला धरतं तसं धरलं. मी दोन्ही हातांनी पातेलं धरलं आणि मला कुणी धरलं नव्हतं. पण कार्पाथोस समोर आलं होतं, अगदी समोर. डोंगराच्या कड्यावरचं मेनेतेसचं चर्च दिसलं, घंटेपासून खालपर्यंत लावलेल्या पताका दिसल्या, पायरीसुद्धा दिसली. (मिनास म्हणतो, तिथून पायरी दिसत नाही. पण मिनास विमानात नव्हता.)

विमान खाली गेलं. इतकं खाली की धावपट्टीच्या कडेला चरणारी शेळी माझ्याकडे बघत होती. आणि तिथून एकदम वर. पोटातलं सगळं पायात आणि पायातलं डोक्यात. वैमानिकाने गोल फिरवून पुन्हा खाली नेलं, पुन्हा ती शेळी, पुन्हा वर. मग त्याचा आवाज आला. फार गोड आवाज होता. म्हणाला, वारा उतरू देत नाही, मागे कासोसलाही तीच गत झाली आहे, म्हणून आपण आता रोडसला जातोय.

रोडस म्हणजे या सगळ्यांच्या पलीकडे, मोठं बेट. मिनासच्या हिशेबात तिथे जायला दुकानच बरोबर घ्यावं लागेल.

मी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, पोरी, त्याला म्हणावं, माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे, कुठेही टेकव, मी पुढची चालत जाईन.

ती म्हणाली, "आजी, खाली समुद्र आहे."

"मला माहीत आहे. मी जन्मले तेव्हापासून तिथेच आहे."

रोडसला विमान लोण्यासारखं उतरलं. तिथे वारा नव्हता, ऊन होतं, लोक चड्ड्या घालून फिरत होते. आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, वारा पडला की सोडतो. मी पातेल्याला हात लावून पाहिला. आत अजून ऊब होती. आणि फोन वाजला.

"आई, उतरलीस का?" रिनियो.

"उतरले." (हे खरंच होतं.)

"मी पायरीवर बसलेय. तुझ्या जागेवर पर्स ठेवलीय, सासूबाईंना बसू दिलं नाही. किती वेळ लागेल?"

आता बघा. मला रोडस म्हणता आलं असतं. सोपा शब्द आहे. पण मागून मला कालिओपीबाईंचा आवाज ऐकू आला, "कुठे आहेत म्हणतात?" आणि मिनास तिथेच कुठेतरी उभा असणार, न बोलता. माझ्या जिभेने आपलं आपण सांगून टाकलं.

"पाच मिनिटं."

मनात म्हटलं, वारा काय, आता पडेल. पडला की आलेच मी. माझी वाट बघण्यात घंगाळातलं पाणी गार झालं होतं, ते पाद्री पापा-लेफ्तेरींनी पुन्हा गरम करायला लावलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन. आई, पाणी परत गार झालं. मी म्हटलं, निघतच आहोत, पाच मिनिटं. पाणी परत चुलीवर गेलं. इकडे माझं पातेलं गार होत चाललं होतं आणि तिकडे माझ्या शब्दावर घंगाळ तिसऱ्यांदा तापत होतं. पापा-लेफ्तेरी म्हणाले म्हणे की आता मुलीला बुडवायचं की सूप करायचं ते ठरवा. त्यांना पुढे दुसऱ्या गावात लग्न लावायचं होतं. म्हातारी पाच मिनिटांत येतेच आहे तर आपण सुरुवात करू, बुडी घालायच्या आत पोचेल, असं म्हणून त्यांनी प्रार्थना सुरू केली.

तिसरा फोन आला तेव्हा मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यावरचा भोंगा बोलला. चांगल्या खणखणीत आवाजात, रोडस विमानतळावर आपलं स्वागत असो.

मी फोनवर तळहात दाबला. भोंगा तरी तीन भाषांत बोलत राहिला.

"आई, तू पहिल्या फोनला रोडस म्हणाली असतीस," ती हळू म्हणाली, "तर आम्ही उद्यावर ढकललं असतं. पापा-लेफ्तेरी उद्याही मोकळे होते. सासूबाईच म्हणाल्या होत्या, उद्या करू, त्यांना येऊ दे."

"मग अजूनही..."

"आता बाळाला तेल लावून झालं, आई."

बुडीआधीचं तेल लावलं की मागे फिरता येत नाही. हे मला कुणी समजवायला नको.

तिने फोन ठेवला. मी पातेलं मांडीवर घेऊन बसले. बाकीची माणसं भुकेली होती, त्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नव्हतं. माझ्या शेजारी दोन सैनिक पोरगे होते, एक दाढदुखीला निघालेली बाई, आणि एक जर्मन नवरा-बायको, जे पाच मिनिटांचं विमान कसं असतं ते बघायला एवढ्या लांबून आले होते. (त्यांना बघायला मिळालं.) मी शाल सोडली, घोंगडी सोडली, स्वेटर सोडला, झाकण काढलं. वाफ नव्हती. झाकणाच्या आत नुसते थेंब बसले होते.

मी म्हटलं, खा.

त्यांनी खाल्ल्या. दाढदुखीवालीनेही दुसऱ्या बाजूने खाल्ल्या. जर्मन बाई एकेक गुंडाळी दोन बोटांत धरून नवऱ्याला दाखवत होती, आणि तिला ती लहान वाटत नव्हती, देखणी वाटत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. अथेन्सची मुलगी आली आणि तिने पातेल्याचा तळ बोटाने पुसून खाल्ला. एका सैनिकाला मी ओरडत होते की एका घासात तीन घालू नको, त्या वळायला बायकांची कंबर गेलीय. नंतर मी वेळ जुळवून पाहिली. मी त्या पोराला ओरडत होते, बहुतेक त्याच वेळी मेनेतेसला माझं नाव घेतलं जात होतं.

मी एकही खाल्ली नाही.

वारा रविवारी सकाळी पडला, जणू काही झालंच नव्हतं. मी रिकामं पातेलं घेऊन मेनेतेसला दारात उभी राहिले. कालिओपीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून पातेल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"या वेळी इतक्या लहान केल्यात," त्या म्हणाल्या, "की दिसतसुद्धा नाहीत."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने उचकी लागली. त्यांनी मला आत नेऊन कॉफी दिली. मी छान आहे म्हटलं. (होती.)

नात झोपली होती. सेवास्ती. एवढीशी, मुठी आवळून. रिनियो माझ्याशी बोलली, जेवलीस का, पाय दुखतात का, सगळं विचारलं. पायरीविषयी बोलली नाही. तेव्हा मी मिनासला अंगणात गाठलं. आत उभं राहून माझं नाव कानांनी ऐकलेलं आमच्यातलं माणूस तो एकटा.

"कसं घेतलं नाव? सांग."

तो विचार करत राहिला. "घेतलं."

"अरे पण कसं? मोठ्याने? गाऊन?"

"तीनदा."

"बाळ रडलं का?"

"पाणी गरम होतं," मिनास म्हणाला.

बस. माझ्यासारखी बाई, जिने वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कोणाशेजारी बसलं होतं ते अजून सांगावं, ती बसली रोडसला. आणि ज्याला समुद्रावरून परत आल्यावर दोन वर्षांचं सांगायला दोन वाक्यं लागायची नाहीत, तो उभा राहिला घंगाळाशेजारी. मी त्याला पुन्हापुन्हा विचारलं. त्याने पुन्हापुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाला, तू नव्हतीस ना, म्हणून नीट लक्ष दिलं. तुला सांगायला. तो हे खरंच म्हणाला, आणि मी त्याच्याशी भांडणार होते ते राहिलं.

पायरीचं मला कालिओपीबाईंनीच सांगितलं, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. तेल लावून झाल्यावर त्यांनी आतली आपली मानाची जागा सोडली आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पर्स ठेवली होती त्या जागेवर बसल्या नाहीत. आकाशाकडे बघत होत्या, विमान येतं का म्हणून. पोरं नाव घेऊन धावत आली, रिनियोला सांगितलं, आणि मग दुसरी आजी कुठे म्हणून इकडे तिकडे बघायला लागली. कालिओपीबाईंनी वर बोट दाखवलं. म्हणाल्या, ती तिथे वर आहे, तिला ऐकू जाईल असं ओरडा. मग सगळ्या पोरांनी डोकी मागे टाकून आभाळाकडे माझं नाव ओरडलं, घसे बसेपर्यंत. आणि कालिओपीबाईंनी माझ्या वाटचा खाऊ त्यांना दिला.

"ऐकू आलं का?" त्यांनी मला विचारलं.

"आलं," मी म्हटलं. तेवढं एक खोटं मी विचार करून बोलले.

त्याला आता दोन वर्षं झाली. कासोसला मी बाजारातून चालले की कॉफीच्या दुकानातले म्हातारे एकमेकांना विचारतात, किती वेळ लागेल रे, पाच मिनिटं का, आणि मग मुठीत हसतात. मी आता बोटीनेच जाते, आदल्या दिवशी, मिनासशेजारी बसून, आणि तो मधेमधे रिकामी बोटं ओठांशी नेऊन अंतर मोजतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या नावाचा सण होता, म्हणजे जिचं नाव मला ठेवलं त्या संतिणीचा दिवस. नातीचाही तोच, आता एकच सण दोघींना. रिनियो तिला घेऊन आधीच आली होती. सणाच्या सकाळी कालिओपीबाई विमानाने निघाल्या. मी गच्चीत जाऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, वाऱ्याकडे एकदा पाहिलं मी. आशेने नाही, पण पाहिलं. पान हलत नव्हतं.

विमान आलं आणि सरळ उतरलं, जसं रोज उतरतं. कालिओपीबाई काखेत काहीतरी दुपट्यात बांधून दारात आल्या. एकेक पदर सोडला. आत पातेलं. सणाला आलेल्या सगळ्या बायकांच्या देखत त्या म्हणाल्या, "या वेळी लहान वळल्यात मी. तुमच्यासारख्या. बघा बरं जमल्यात का." आणि माझ्या नाकाखाली झाकण काढलं.

आता त्या गुंडाळ्या कशा वळल्या होत्या, लहान होत्या की मोठ्या, एकसारख्या होत्या की वेड्यावाकड्या, हे सगळं मी तुम्हाला रंगवून सांगितलं असतं. पण इतकी वाफ आली की माझा चष्मा पांढरा झाला आणि पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत बायकांनी पातेलं रिकामं केलं होतं.

मिनास शेजारीच उभा होता, त्याने सगळं नीट पाहिलं. मी त्याला विचारलं, कशा होत्या रे?

"गरम," तो म्हणाला.